तलाव तुडुंब भरला, मग पाखरं कुठं गेली?

कोजागिरीच्या सुमाराला सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी फुलून जातो. अनवाणी पाय, खांद्याला पिशवी आणि तोंडानं ‘आई राजा उदो उदो’. शहर मागं पडलं की थोड्याच वेळात हिप्परग्याचा तलाव लागतो. मी बरीच वर्षं या गर्दीत चालतो आणि तलाव आला की उजाडेपर्यंत तिथंच थांबतो. याच दिवसांत उत्तरेकडून आणखी एक वारी त्या पाण्यावर पोचत असते, ती बघायची असते.

यंदा उजाडल्यावर काठाकडं उतरू लागलो तर काठच सापडेना. पाणी थेट बाभळींच्या खोडांना लागलेलं. ज्या चिखलात दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझे पाय घोट्यापर्यंत रुतले होते, तो चिखल आता पुरुषभर पाण्याखाली होता. बुडालेल्या फांदीवर दोन पाणकावळे पंख वाळवत बसलेले, एक टिटवी डोक्यावरून ओरडत गेली, आणि लांब मधोमध काही काळे ठिपके. एवढंच. जाळं आवरत असलेल्या एका मच्छीमाराला विचारलं, “मामा, पाखरं आली नाहीत का यंदा?”

“येत्यात की. पण लई पाणी झालंय बगा सर. पाखरांनी पाय टेकायचे कुठं?”

चांगला पाऊस झालेल्या प्रत्येक वर्षी दिवाळीच्या आसपास ‘पाहुण्या पक्ष्यांनी फिरवली पाठ’ अशा अर्थाच्या बातम्या येतात. मग मोबाइलवर प्रश्न फिरू लागतात. इतका पाऊस झाला, तलाव भरला, उजनी धरण भरलं, तरी पक्षी का नाहीत? पाणी घाण झालं का? हवामान बिघडलं का? मामांनी एका वाक्यात दिलेलं उत्तर बऱ्याच अंशी खरं आहे. ते सुटं करून सांगायचा हा प्रयत्न.

शरदात तलावावर कोण येतं

आपल्याकडं वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत ढग नुसते तोंड दाखवून जातात आणि खरी भिस्त परतीच्या पावसावर असते. त्यामुळं अश्विन-कार्तिकात पुण्या-मुंबईकडचा पाऊस कधीच सरलेला असतो, तेव्हा सोलापूरचे तलाव नुकते भरलेले असतात. शाळू पेरून झालेला असतो, माळावरचं गवत पिवळं पडू लागतं, दुपारी ऑक्टोबर हीट भाजते आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं.

याच काळात स्थलांतर सुरू असतं. स्थलांतर म्हणजे ठरलेल्या ऋतूत एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाणं आणि ऋतू पालटला की परत फिरणं. भोरड्या सगळ्यांच्या आधी, ऑगस्टपासूनच दिसू लागतात. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना संध्याकाळी सोलापूरच्या आभाळात धुरासारख्या वळतात, त्या बहुतेकांनी गच्चीवरून पाहिल्या असतील. सप्टेंबर सरता सरता धोबी येतो. शेपटी सतत खालीवर आपटतो, जणू घाटावर कपडे धुतोय. मग चिखलातले बारके पक्षी, मग बदकं: भुवई बदक, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. थंडी पडली की पट्टकादंब आणि कांड्या करकोचे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बहुधा सगळ्यांत शेवटी. हे वेळापत्रक दरसाल थोडं मागंपुढं होतं.

जाणारेही असतात. पावसाबरोबर आलेला चातक ऑक्टोबरात निघून जातो. तलावावर घिरट्या घालणाऱ्या पिवळसर चतुरांकडं तर कुणाचं लक्षही जात नाही. जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांबीचा हा किडा. मालदीवच्या बेटांवर गोडं पाणी जवळपास नाहीच, तरी दर ऑक्टोबरात तिथं त्यांचे थवे उतरतात. ते भारताकडून येतात आणि वाऱ्याच्या आधारानं पुढं आफ्रिकेकडं सरकतात, असं संशोधकांनी मांडलं आहे.

आणि काही पक्षी इथलेच. त्यातला एक तर नावानंच आपला. काळंकुळकुळीत अंग आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, म्हणून मराठीत त्याला वारकरी म्हणतात. तो वर्षभर इथं असतो, पण हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले त्याचे भाईबंद त्याला मिळतात आणि संख्या एकदम वाढते. कार्तिकी एकादशीच्या आसपास तलावावर वारकऱ्यांची दाटी झालेली बघताना मला दरवेळी भरून येतं.

थंडीला घाबरून येत नाहीत

‘सायबेरियात थंडी पडते म्हणून पक्षी उबेला येतात’ असं आपण शाळेपासून ऐकतो. हे अर्धंच खरं आहे. पिसांची रजाई इतकी उत्तम असते की पोट भरलेलं असेल तर बरेच पक्षी कडक थंडी सोसू शकतात. अडचण पोटाची होते. पाणी गोठलं की बदकाला तळातली वनस्पती मिळत नाही, चिखल दगडासारखा झाला की त्यातली अळी चोचीला लागत नाही. दुष्काळात माणसं जित्राबं घेऊन चारा-पाण्याकडं निघतात, त्याच जातीचं हे निघणं आहे.

मग इथंच कायमचं का राहत नाहीत? कारण एप्रिल-मे महिन्यात आपल्या तलावांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्याच वेळी उत्तरेला बर्फ वितळतो, दिवस अठरा-वीस तासांचा होतो, किड्यांचा सुकाळ होतो आणि पिलांना भरवायला वेळच वेळ मिळतो. दोन्ही मुलखांचा सुकाळ गाठायचा तर उडावंच लागतं.

निघायची वेळ त्यांना कळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. उजेडाचे तास कमी होऊ लागले की शरीरातली रसायनं बदलतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते. चरबी म्हणजे वाटेची शिदोरी. सोलापूरकराला हे समजावायला नकोच. लांबच्या प्रवासाला आपण भात बांधून घेत नाही, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतो: वजनाला हलकी, पाणी नसलेली, दिवसेंदिवस टिकणारी. एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅम पिष्टापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते आणि ती साठवताना सोबत पाण्याचं ओझं लागत नाही. काही छोटे पक्षी निघताना स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट झालेले असतात.

वाट शोधायला सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व आणि नद्या-डोंगरांच्या खुणा असं सगळं वापरतात. मध्य आशिया आणि सायबेरियातून हिमालय ओलांडून किंवा त्याला वळसा घालून भारतात उतरणारा जो हवाई रस्ता आहे त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देश त्यात येतात. पट्टकादंब याच वाटेनं येतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवतं. यंत्र बसवून माग काढलेला एक पट्टकादंब ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला होता. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकादंब भारतातल्या तलावांवर ओळखले गेले आहेत.

इतकं सांगायचं कारण असं की हा प्रवास करून पक्षी सोलापुरात पोचतो तेव्हा त्याची शिदोरी संपत आलेली असते. त्याला बसायला जागा हवी आणि लगेच खायला हवं. ते त्याला तलावात नेमकं कुठं मिळतं, यातच सगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

‘शंभर टक्के भरलं’ म्हणजे नेमकं किती

आधी टक्क्यांचा घोळ मिटवू. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. यातलं सुमारे ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खालच्या पातळीचं पाणी, आणि वरचं सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरात येणारी टक्केवारी फक्त या वरच्या भागाची असते. म्हणून मे २०२४ मध्ये ‘उजनी उणे पन्नासच्याही खाली’ असं वाचून लोक चक्रावले होते. धरण रिकामं झालं नव्हतं, मृत साठ्यातलं पाणी वापरणं सुरू होतं.

ही टक्केवारी शेताला आणि नळाला किती पाणी आहे ते सांगते. पक्ष्याचा हिशेब निराळा आहे, कारण पक्षी जेवतो तो काठाला.

हिप्परग्याच्या चिखलात एकदा छोट्या टिलव्याच्या थव्यापुढं तासभर पालथा पडून होतो. हा पक्षी चिमणीएवढा, वजन २०-३० ग्रॅम. रशियाच्या पार उत्तर टोकाला, जिथं झाडही उगवत नाही तिथं त्याचं घरटं. तिथून सोलापूर साडेपाच हजार किलोमीटरहून लांब. माझ्यापासून चार हातांवर तो शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच खालीवर करत पुढं सरकत होता. मधूनच लालसर दोऱ्याएवढी अळी चोचीत चमकायची आणि गायब व्हायची. त्याच्यामागं चिखलावर टोचण्यांची बारीक ओळ उमटत जायची, चादरीच्या काठाला घातलेल्या टाक्यांसारखी. पाणी त्याच्या पायाच्या निम्म्यापर्यंत आलं की तो वळायचा. आणि त्याचे पाय केवढे? बोटाच्या दोन पेरांएवढे. म्हणजे एवढ्या विस्तीर्ण तलावातला त्याच्या कामाचा भाग होता पाणी आणि जमीन जिथं भेटतात तिथला फक्त एक पट्टा.

शेकाट्याचे गुलाबी पाय वीतभर लांब, त्यामुळं तो थोडा आत जातो. थापट्या पसरट चोचीनं वरवरचं पाणी गाळतो. तलवार बदक डोकं खाली आणि शेपटी वर करून मान पोचेल तिथपर्यंतची वनस्पती खुडतं, म्हणजे फार तर हातभर. रोहितासारखा उंच पक्षीसुद्धा उथळ पाण्यातच चोच उलटी धरून गाळणं चालवतो. खोल पाण्यात बुडी मारणारे म्हणजे वारकरी, पाणकावळे, पाणबुडी आणि काही थोडी बदकं. तुडुंब तलावाच्या मधोमध दिसणारे ते काळे ठिपके बहुधा हेच.

आता घरातली परात डोळ्यांपुढं आणा, पसरट आणि कडेला हळूहळू चढत गेलेली. शेजारी एक हंडा ठेवा. दोन्हींत सारखंच पाणी असलं तरी परातीच्या कडेला पातळ पाण्याची रुंद किनार असते आणि हंड्यात ती मुळीच नसते. आपले माळावरचे तलाव परातीसारखे आहेत.

थोडं गणित करू. तलावाच्या काठाला शंभर फुटांत एक फूट उतार आहे असं धरा. पाणी एक इंच उतरलं की शंभर इंच, म्हणजे आठ फुटांहून जास्त रुंदीचा नवा चिखल उघडा पडतो. चार इंच खोलीपर्यंतचं पाणी दहा मीटर रुंदीच्या पट्ट्यात पसरलेलं असतं. असा एक किलोमीटर काठ म्हणजे अडीच एकर जेवणाचं ताट. आता त्याच काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, केलं आणि दोन फुटांत एक फूट उतार ठेवला, तर तेवढंच चार इंची पाणी वीतभर पट्ट्यात मावतं. किलोमीटरभर काठाचे मिळून दोन गुंठे. पाणी तेवढंच, टक्केवारी तीच, अडीच एकराचे दोन गुंठे झाले.

‘पण भरलेल्या तलावालाही काठ असतोच की’

खरं आहे. पाणी वर चढलं की उथळ पट्टाही वर सरकतो. पण तो सरकतो कुठं? बाभळींच्या काट्यांत, बेशरमीच्या झुडपांत, शेताच्या बांधाला, रस्त्याच्या भरावाला. चिखलातल्या पक्ष्याला चारी बाजूंनी मोकळं दिसायला लागतं. झुडपाआड मांजर आहे की कोल्हा, हे कळत नसेल तर तो तिथं उतरत नाही.

दुसरं म्हणजे नव्यानं बुडालेल्या जमिनीत लगेच अन्न तयार नसतं. किड्यांनी अंडी घालावी, अळ्या वाढाव्यात, बुडालेलं गवत कुजावं, याला काही आठवडे लागतात. त्यानंतर पाणी हळूहळू मागं हटू लागलं की रोज एक ताजी पट्टी उघडी पडते, जणू पंगतीत रोज नवं पान वाढलेलं. ऊन, कालवे, शहराचा पाणीपुरवठा, पंढरपूरला कार्तिकीसाठी नदीत सोडलेलं पाणी, या सगळ्यांनी पातळी उतरत जाते. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी खरी गर्दी बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीनंतर होते. उजनीवर रोहित बघायला दिवाळीच्या सुट्टीत गेलेली कुटुंबं हिरमुसून परत येतात, त्याचं कारणही बहुतांशी हेच.

‘मग दुष्काळ पडलेलाच बरा का?’

मुळीच नाही. दुष्काळी वर्षी पक्षी दाटीनं दिसतात, कारण लहान तलाव आटलेले असतात आणि उरलेल्या पाण्यावर सगळे गोळा होतात. टंचाईत टँकरभोवती जमलेली गर्दी बघून गावात पाणी मुबलक आहे असं कुणी म्हणणार नाही. मार्चमध्ये परतीच्या प्रवासाची शिदोरी बांधायच्या वेळी ते उरलेलं पाणीही संपलेलं असेल, तर पक्षी उपाशी निघतो. दाटीत रोगही लवकर पसरतात. तलाव भरावाच, आणि मग सावकाश उतरावा, यात माणसांचं आणि पक्ष्यांचं, दोघांचंही हित आहे.

याच्या उलट चांगल्या पावसात प्रत्येक पाझर तलाव, प्रत्येक नाला-बंधारा भरलेला असतो. पक्षी जिल्हाभर विखुरतात. हिप्परग्यावर दोनशे कमी दिसले तर ते मेले किंवा आलेच नाहीत असा अर्थ होत नाही. कदाचित ते आडबाजूच्या कुठल्या तरी तळ्यावर निवांत असतील, जिथं बघायला कुणी गेलेलं नाही. म्हणूनच एका तलावाच्या एका सकाळवरून बातमी करू नये असं मला कळकळीनं वाटतं. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची एकाच सुमाराला गणना होते ती यासाठीच. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. चितमपल्ली सोलापूरचे. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या गावात तरी या सप्ताहात शाळांनी मुलांना एखाद्या तळ्यावर न्यावं, वही-पेन्सिल द्यावी आणि मोजायला लावावं.

अर्थात ‘सगळं ठीक आहे’ असंही माझं म्हणणं नाही. इथून अर्ध्या तासावर असलेल्या नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं काळवीट आहेत, लांडगा आहे, हिवाळ्यात गवतावरून तरंगणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, पण ज्याच्या नावानं अभयारण्य आहे तो माळढोक दिसणं जवळपास थांबलं आहे. जागा गेली की पक्षी जातो. तलावाच्या बाबतीत ती जागा म्हणजे काठ.

सुशोभीकरण, गाळ आणि जलपर्णी

‘तलावाचा विकास’ म्हटलं की आपल्याकडं काय होतं? काठाला दगड, वर फरशी, रेलिंग, दिवे, कारंजं. शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलावाला घाट असणं मला रास्त वाटतं. तिथं यात्रा भरते, माणसांचा वावर आहे, आणि माणसालाही पाण्याजवळ बसायला हवं. पण तोच साचा प्रत्येक पाण्याला लावला की अडीच एकराचे दोन गुंठे होतात. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावासारख्या पाण्याची एक बाजू चालणाऱ्यांना द्या, पण दुसरी मातीची, उताराची, दिव्यांविना राहू द्या. याला खर्च काहीच येत नाही. काम न करणं एवढंच त्यात करायचं असतं.

गाळाचा प्रश्न जास्त अवघड आहे. हिप्परग्याचा, म्हणजे कागदोपत्री एकरुखचा तलाव आदिला नदीवर १८७१ साली झाला. बांध २,३६० मीटर लांब आणि २१ मीटरहून उंच, मुख्यतः मातीचा. दीडशे वर्षांत येऊन बसलेल्या गाळानं पाण्याची जागा खाल्ली आहे, हे शेतकऱ्याचं आणि शहराचं नुकसान. त्याच गाळानं काठ पसरट झाला, हा पक्ष्यांचा लाभ. गाळ काढू नका असं म्हणणं दुष्काळी जिल्ह्यात अन्यायाचं होईल. काढावा, शेतात टाकावा. पण खोल भागातून काढावा. काठाला जेसीबी लावून उभे खड्डे केले तर परातीचा हंडा होतो. त्यात जनावरं आणि मुलं बुडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

जलपर्णीबद्दल दोन शब्द. लांबून हिरवागार गालिचा दिसतो आणि लोकांना वाटतं, निसर्ग बहरला. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं खत पिऊन ती पसरते, उजेड अडवते, पानांखालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो. कमळपक्षी तिच्यावरून चालतो हे खरं, पण बदकाला उतरायला धावपट्टीच राहत नाही. दर वर्षी यंत्रानं काढायची आणि सांडपाणी तसंच सोडायचं, हे गळक्या छताखाली बादल्या बदलत बसण्यासारखं आहे.

‘पाखरं आमचं पीक खातात, त्याचं काय?’

हा प्रश्न शेतकरी विचारतो तेव्हा त्याला निसर्गप्रेमाचे धडे देऊ नयेत. शाळू दाण्यात आला की भोरड्यांचा थवा काही मिनिटांत कणसं ओरबाडतो. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या माणसाचं नुकसान खरं आहे. त्याच्या जोडीला एवढंच सांगावंसं वाटतं की याच भोरड्या टोळ आणि नाकतोड्यांचा फडशा पाडतात. त्यांची पिलं मोठी होतात ती बव्हंशी अशा किड्यांवरच.

मच्छीमारांची तक्रार असते की पक्षी मासे संपवतात. मासे खाणारे पाणकावळे आणि बगळे बहुतेक इथलेच असतात. उत्तरेकडून येणारी बरीच बदकं बी, पाणवनस्पती, किडे आणि गोगलगायी यांवर जगतात. उलट रात्रभर पाण्यात सोडून दिलेल्या बारीक धाग्याच्या जाळ्यात बुडी मारणारा वारकरी अडकून गुदमरतो. मामांनी मला असाच एक सोडवून दाखवला होता. जिवंत होता. हातात धरल्यावर त्याच्या हिरवट पायांच्या बोटांना पाकळ्यांसारखे पापुद्रे दिसले. मामांनी त्याला पाण्यावर ठेवलं, तर तो लगेच उडाला नाही, पाण्यावरून धावत सुटला.

काठाच्या उघड्या जमिनीत गाळपेर करायची आपल्याकडं जुनी चाल आहे. पाणी हटेल तसा शेतकरी त्या ओलीवर पीक घेतो. पक्षी आणि गाळपेर शेजारी नांदू शकतात, बरीच वर्षं नांदलेही आहेत. त्रास होतो तो पाण्याच्या अगदी कडेपर्यंत नांगर गेला आणि औषधाची फवारणी पाण्यात उतरली की.

आणि कॅमेरेवाल्यांना हात जोडून विनंती: उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवू नका, ड्रोन तर नकोच. प्रत्येक उड्डाणात त्या पक्ष्याच्या शिदोरीतला घास खर्च होतो.

कायदा काय म्हणतो

पाणथळ जागा म्हणजे जिथं जमीन वर्षातला काही काळ तरी पाण्यानं भिजलेली किंवा उथळ पाण्याखाली असते अशी जागा. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी अशा जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या व्याख्येत माणसानं बांधलेले जलाशयही येतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, तेही बंधाऱ्यामागचंच पाणी आहे. मात्र भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. सोलापूर जिल्ह्यातलं बहुतेक मोठं पाणी नेमकं त्याच कामासाठी अडवलेलं आहे. त्यामुळं एखाद्या तलावाच्या काठावर उद्या भराव पडू लागला तर ‘ही पाणथळ जागा आहे’ एवढं म्हणून भागत नाही. तिथं पक्षी येतात, कोणते, कधी, किती, काठाच्या कोणत्या भागात, याची वर्षानुवर्षांची नोंद हातात असावी लागते. ती नोंद कुणी तरी तिथं जाऊनच करावी लागते.

एक दगड ठेवून बघा

हे सगळं स्वतः तपासायला दुर्बीणही लागत नाही. कोजागिरीच्या त्या सकाळी, जनावरं पाण्यावर उतरतात त्या वाटेला, पाण्याच्या अगदी रेषेवर मी एक चपटा दगड ठेवून आलो होतो. गेल्या रविवारी परत गेलो. मामा तिथंच होते. दगडापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली, बावीस भरली. मधल्या चिखलावर म्हशींच्या खुरांचे खड्डे, त्यात साठलेलं पाणी, आणि त्या प्रत्येक खड्ड्याच्या कडेनं टाके घालत चाललेले सात छोटे टिलवे.